पावसावर खापर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे महिनाभर वाचन-लेखन बंद होते. दोघा-तिघांनी फोन करून "गुरुजी, लिहिणे सोडले का?" म्हणून विचारले. सोडलेले नाही. विषय डोक्यात घोळत होता. पण तो असा आहे की वाचून आमचे निम्मे नातेवाईक कपाळाला हात लावतील. विषय आहे मोटारींच्या शर्यती आणि पाऊस.

हसू नका. दुधनीसारख्या गावात राहणाऱ्या, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, अजून स्कूटरसुद्धा न चालवलेल्या माणसाचा मोटारींच्या शर्यतीशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध कसा आला ते सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो.

२०२१ मध्ये नातू पुण्याहून घरी आलेला होता. करोनामुळे ऑफिस बंद, काम घरून. माडीवरच्या खोलीत त्याने कॉम्प्युटर मांडला आणि रविवारी संध्याकाळी तो टीव्हीला जोडून फॉर्म्युला वनच्या शर्यती लावू लागला. (तो मला 'अज्जा' म्हणतो. आमच्या सीमेवरच्या घरांत मराठी बोलतानाही आजोबाचा अज्जाच होतो.) पहिल्या दोन-तीन शर्यती मी नुसता सोबत म्हणून बसलो. सगळ्या गाड्या एकसारख्या, एकामागून एक गोल गोल फिरताहेत, यात पाहायचे काय, असे वाटे. मग एकदा शर्यत चालू असताना पाऊस आला. त्या दिवसापासून मी स्वतःहून विचारू लागलो, "अरे, आज शर्यत आहे का? आणि तिकडे ढग आहेत का?"

आता निमित्त. २७ जुलै २०२५ रोजी बेल्जियममधल्या स्पा येथे शर्यत होती. पाऊस आला आणि शर्यत तब्बल ऐंशी मिनिटे उशिरा सुरू झाली. नंतर ट्रॅक वाळला, ऑस्कर पियास्ट्री जिंकला, विषय संपला. पण आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो संपला नाही. पुण्याच्या पुतण्याने लिहिले, "पावसाने नेहमीप्रमाणे विचका केला." बेळगावच्या मेव्हण्यांनी लिहिले, "असले खेळ पावसात बंदच ठेवावेत, जिवाशी खेळ कशाला." ब्लॉगवरच्या एका जुन्या स्नेह्यांनीही तेव्हा मला असेच कळवले होते की निसर्गापुढे कोणाचे काय चालणार.

मला या तिन्ही मतांशी भांडायचे आहे. पावसाने विचका केला, हे खरे नाही. पावसात खेळू नये, हेही सरसकट खरे नाही. आणि निसर्गापुढे काही चालत नाही हे वाक्य तर लबाड माणसाच्या फार सोयीचे आहे. आपण करायचे ते करायचे नाही आणि खापर पावसावर फोडायचे, ही खोड सगळ्या जगात आहे. ती माझ्यातही होती. ते पुढे येईलच.

आधी पाऊस या खेळात नेमके काय करतो ते सांगतो. कोरड्या दिवशी या गाड्यांचे टायर अगदी गुळगुळीत असतात, एकही खाच नसते. जितके रबर रस्त्याला चिकटेल तितकी पकड चांगली. पण पाणी आले की हाच गुळगुळीतपणा वैरी होतो. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि गाडी पाण्यावर तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. म्हणून पावसासाठी खाचांचे टायर वेगळे. हिरव्या पट्ट्याचे मध्यम पावसाला, निळ्या पट्ट्याचे जोराच्या पावसाला. टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीने सांगितलेला आकडा असा की, ताशी ३०० किलोमीटर वेगात निळ्या पट्ट्याचा एक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. म्हणजे चार चाकांनी ३४० लिटर. आपले दोनशे लिटरचे पिंप धरले तर एका सेकंदात जवळजवळ पावणेदोन पिंपे. ज्या भागात उन्हाळ्यात एका घागरीसाठी रांगा लावल्या, त्या भागातल्या माणसाने हा आकडा ऐकून तोंडात बोट घातले तर नवल नाही!

हे फेकलेले पाणी जाते कुठे? मागच्याच्या तोंडावर. त्याचे धुके होते आणि मागच्या गाडीला पुढचे काही दिसत नाही, दिसलाच तर पुढच्या गाडीच्या शेपटीचा लाल दिवा. म्हणजे खरी अडचण नुसत्या घसरण्याची नाही, न दिसण्याची आहे. आणखी एक गंमत नातवाने दाखवली. कोरड्यात सगळे ज्या वाटेने जातात त्या वाटेवर टायरचे रबर बसलेले असते, तिथे पकड उत्तम. पाऊस पडला की तीच वाट साबणासारखी निसरडी होते. मग शहाणा चालक रुळलेली वाट सोडून बाहेरून जातो. आमच्या काळ्या रानातला गाडीवान हेच करतो. पाऊस झाला की मळलेल्या चाकोरीत बैलगाडी घालत नाही, कडेच्या गवतावरून काढतो. हे त्याला कोणत्या कंपनीने शिकवलेले नाही.

म्हणून मी म्हणतो, पावसाने विचका होत नाही, परीक्षा होते. कोरड्यात ज्याची गाडी भारी तो पुढे. पावसात ज्याचा हात भारी तो पुढे. ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला ओल्या ट्रॅकवर आयर्टन सेना पहिल्या वळणापाशी पाचवा होता. ती पहिलीच फेरी संपताना तो पहिला होता. चौघांना एका फेरीत मागे टाकले, त्यात प्रोस्ट आणि शूमाकर होते. २००८ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या पावसात लुईस हॅमिल्टन दुसऱ्याच्या पुढे ६८ सेकंद होता. जिथे सेकंदाच्या हजाराव्या भागावर भांडणे होतात तिथे ६८ सेकंद! २०२४ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये पाऊस होता, आणि मॅक्स व्हर्स्टापन सतराव्या जागेवरून निघून पहिला आला. या खेळाचे जुने प्रेक्षक आपापसात आठवणी काढतात त्या अशा ओल्या शर्यतींच्या. ते आभाळाकडे बघतात ते आमच्या शेतकऱ्यासारखे, ये बाबा म्हणून.

आणि आपल्याकडे तर मुद्दाम पावसात भरवलेले मोटारींचे खेळ आहेत. मुंबईकडे ऐन जुलैत स्कूटरची मान्सून रॅली वर्षानुवर्षे होत असे, पावसातून, चिखलातून. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते, मूळ मलेशियातली, तिथे १९९७ मध्ये सुरू झालेली. जीपगाड्या ओढ्यात घालायच्या, चिखलात रुतल्या की झाडाला तार बांधून चरकाने ओढून काढायच्या. तिथे पाऊस आला नाही तरच विचका! तेव्हा पावसात खेळच नको म्हणणाऱ्या मेव्हण्यांना माझे सांगणे की, पाऊस हा खेळाचा भाग असू शकतो. तो धरून खेळ मांडला पाहिजे, इतकेच.

आता धोक्याचे. तो मी नाकारत नाही. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमध्ये सुझुकाला वादळी पावसात शर्यत चालू होती. एक गाडी घसरून बाहेर गेली, ती उचलायला ट्रॅक्टर आला आणि पुढच्याच फेरीत त्याच जागी ज्यूल्स बियांकी घसरला तो थेट त्या ट्रॅक्टरवर. नऊ महिने बेशुद्ध होता, जुलै २०१५ मध्ये गेला. वय पंचवीस. ज्या घरात पंचविशीचा नातू आहे त्या घरात हे वाचून पुढे काही बोलवत नाही. तेव्हा पाऊस अति झाला, दिसेनासे झाले, तर शर्यत थांबवलीच पाहिजे. थांबवणाऱ्याला मी कधी नावे ठेवणार नाही.

उलट थांबणाऱ्याचे मोठेपण मी मानतो. १९७६ मध्ये निकी लाउडा ऑगस्टमध्ये जर्मनीत गाडीत भाजून मरता मरता वाचला आणि सहा आठवड्यांत पुन्हा गाडीत बसला. त्या वर्षीची शेवटची शर्यत जपानमध्ये फुजीला होती. विजेतेपद हाताशी आलेले आणि धो धो पाऊस. दोन फेऱ्या मारल्या आणि लाउडा गाडीतून उतरला. जिवापेक्षा हे मोठे नाही, असे त्याने ठरवले. जेम्स हंट तिसरा आला आणि एका गुणाने विजेतेपद घेऊन गेला. लोक लाउडाला काय काय बोलले असतील! पण त्याने उघडपणे 'नाही' म्हटले, आणि त्या 'नाही'ची किंमत स्वतः भरली. पावसावर खापर फोडले नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता मी २९ ऑगस्ट २०२१ कडे येतो.

श्रावणातला रविवार होता, दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी. आपल्या साडेसहाला शर्यत सुरू व्हायची होती, पुन्हा तीच, बेल्जियमची स्पाची. तो ट्रॅक सात किलोमीटरचा, जंगलातून, डोंगरातून जाणारा. आमच्याकडे म्हणतात ना, बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, तसा तिथला पाऊस. एका वळणावर ऊन, दुसऱ्या वळणावर सर. पण त्या दिवशी सगळीकडेच पाऊस होता. गाड्या सेफ्टी कारच्या मागून दोन फेऱ्या फिरल्या आणि लाल बावटा लागला. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सेफ्टी कार म्हणजे पुढे चालणारी पंचांची गाडी. ती असेपर्यंत कोणी कोणाला ओलांडायचे नसते. वरातीत घोड्यापुढे जायचे नाही, तसे.)

मग तीन तास काही नाही. टीव्हीवर नुसता पाऊस आणि डोंगरउतारावर बसलेली माणसे. हजारो माणसे, प्लास्टिकचे रेनकोट घातलेली, चिखलात उभी, लहान पोरे खांद्यावर. कोणी हटत नव्हते. कॅमेरा आला की हात हलवत होते. मी नातवाला म्हटले, "ही माणसे घरी का जात नाहीत?" तो म्हणाला, "अज्जा, वर्षभर पैसे साठवून आलेली असतात. होईल या आशेवर थांबलीत." आमची जेवणे झाली. हिने दोनदा विचारले, "संपली का तुमची शर्यत?" आम्ही म्हणालो, "सुरूच नाही झाली."

रात्री पावणेदहाला गाड्या पुन्हा बाहेर आल्या, पुन्हा सेफ्टी कारच्या मागे. रांगेने दोन-तीन फेऱ्या झाल्या. पुन्हा लाल बावटा, आणि सव्वादहाच्या सुमारास कळले की आता पुढे काही होणार नाही. मी टीव्ही बंद करायला उठलो तर नातू म्हणाला, "थांबा, बक्षीस समारंभ आहे." मला वाटले तो थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती. व्हर्स्टापन पहिला, रसेल दुसरा, हॅमिल्टन तिसरा. चषक दिले. नियमाप्रमाणे निकाल मागच्या फेरीवरून धरायचा असल्यामुळे अधिकृत शर्यत ठरली एका फेरीची, पूर्ण सात किलोमीटरसुद्धा नाही. फॉर्म्युला वनच्या इतिहासातली सगळ्यांत लहान शर्यत. ज्यात कोणी कोणाला ओलांडायचेच नव्हते ती शर्यत! आणि गुण निम्मे, म्हणजे पहिल्याला साडेबारा.

निम्मे का? कारण तेव्हाच्या नियमात दोन फेऱ्यांपेक्षा जास्त अंतर झाले तर निम्मे गुण देता येत होते. फेऱ्या मोजल्या, वेग मोजला नाही, चढाओढ मोजली नाही. एवढ्यासाठी गाड्या पुन्हा बाहेर काढल्या, असे तेव्हा अनेकांनी उघड म्हटले. आयोजकांनी अर्थात ते मानले नाही, हवामान निवळेल या आशेवर गाड्या काढल्या असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मनातले मला कळत नाही. पण घडले काय ते सर्वांनी पाहिले. निकाल लागला, म्हणून शर्यत 'झाली'. शर्यत झाली, म्हणून तिकिटाच्या पैशांचा प्रश्न मिटला. चिखलात उभ्या राहिलेल्यांना पैसे परत मिळाले नाहीत. खुद्द हॅमिल्टनने त्याच दिवशी सांगितले की प्रेक्षकांना त्यांचे पैसे परत द्यायला हवेत. तिसऱ्या क्रमांकाचा चषक हातात असलेल्या माणसाने हे म्हटले, याचे मला कौतुक वाटले.

त्या रात्री मला झोप आली नाही. नातवाला वाटले, अज्जाला शर्यतीचे वाईट वाटले. तसे नव्हते. मला एक जुनी गोष्ट आठवली होती. ती मी आजपर्यंत कुठे लिहिली नाही.

मी नोकरीला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या शाळेला पत्रे होते. शाळेचे नाव सांगत नाही. पाऊस सुरू झाला की पत्र्याचा असा आवाज व्हायचा की फळ्याजवळचा शब्द पहिल्या बाकावर ऐकू जात नसे. आमच्याकडे पाऊस मुळात कमी, जो काही पडतो तो सप्टेंबरात, उत्तरा-हस्तात. अशा दिवशी आम्ही काय करायचो? पहिल्या तासाला कॅटलॉग काढायचा, हजेरी घ्यायची, 'हजर, हजर' भरायचे, आणि मुलांना म्हणायचे, पळा घरी. कॅटलॉगवर दिवस भरला, कामाचे दिवस पुरे झाले, वर्षाअखेरीला तपासणीत कुठे अडचण नाही. शाळा 'झाली'.

अशा एका दिवशी वस्तीवरची एक मुलगी आली होती. पाचवीतली. तीन-चार किलोमीटर काळ्या मातीतून, डोक्यावर पोत्याची खोळ, पायाला मणमण चिखल. ती वर्गात पोचली तेव्हा मी नावे घेत होतो. तिने खोळ काढली, "हजर" म्हटले, आणि पाच मिनिटांत मी सगळ्यांना सोडले. ती पुन्हा खोळ घालून निघाली. संध्याकाळी बाजारात तिची आई भेटली. मुलीला शाळेत पाठवायचे म्हणून धाकट्याला सांभाळायला तिने त्या दिवशी खुरपणीची मजुरी बुडवली होती. तिने मला कानडीत विचारले, "साली आतेन्री गुरुजी?" शाळा झाली का?

मी "हो" म्हणालो.

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिने सरळ विचारले होते. कॅटलॉग दाखवला असता तर त्यातही तेच लिहिलेले होते. माझी सही होती. मंडळी, स्पाचा बक्षीस समारंभ बघताना मला माझी ती सही दिसली. पाऊस मोठा होता हे खरे. शिकवता येत नव्हते हेही खरे. पण त्या 'हो'मध्ये पावसाचा काय दोष?

त्यानंतर मी निदान स्वतःपुरते ठरवले की एक तर शाळा घ्यायची, नाहीतर 'पावसामुळे शाळा भरली नाही' असे लिहायचे आणि तो दिवस रविवारी भरून काढायचा. ओसरीत पोरे जवळजवळ बसवून इतिहासाच्या गोष्टी सांगितल्या तर पत्र्याचा आवाज आड येत नाही, हा शोधही लागला. दर वेळी जमले असे म्हणणार नाही. पण नुसती हजेरी घेऊन सोडायचे बंद केले.

आता आक्षेप. एक आमचा जुना विद्यार्थी वकील आहे. तो म्हणतो, "सर, तिकिटाच्या मागे छापलेले असते. पाऊस आला तरी पैसे परत नाहीत. प्रेक्षकाने मान्य करूनच तिकीट घेतलेले असते." बरोबर. पाऊस आला तरी शर्यत होईल, तेव्हा पाऊस आला म्हणून पैसे मागू नका, हे मला मान्य आहे. भिजणे प्रेक्षकाच्या वाट्याचे. पण शर्यतच झाली नाही तर? भिजणे त्याने कबूल केले होते, शर्यत झाल्याच्या सोंगाला त्याने होकार दिला नव्हता. छापलेल्या ओळीचा अर्थ लावताना ती कोणासाठी छापली एवढे तरी पाहावे.

दुसरा आक्षेप, "पण निकाल कुठेतरी लावायलाच हवा." का? क्रिकेटवाल्यांना हे पूर्वीच कळले. एक दिवसाच्या सामन्यात दुसऱ्या संघाची किमान वीस षटके झाल्याशिवाय निकाल नाही, वीस-वीसच्या सामन्यात पाच. नाहीतर सामना अनिर्णित, घरी जा. इंग्लंडसारख्या देशात तर ठराविक षटकांपेक्षा कमी खेळ झाला तर तिकिटाचे पैसेही परत मिळतात. पाऊस त्यांच्याकडेही आहे, उलट जास्तच आहे.

आणि पावसातल्या अर्धवट निकालाने खेळाडूंचेही भले होतेच असे नाही. १९८४ मध्ये मोनॅकोला पावसामुळे शर्यत मध्येच थांबवली. अलेन प्रोस्ट पहिला होता, मागून सेना झपाट्याने येत होता. निम्म्या गुणांनी प्रोस्टला मिळाले साडेचार. वर्षाच्या शेवटी प्रोस्टने विजेतेपद गमावले ते फक्त अर्ध्या गुणाने, लाउडाचे ७२, प्रोस्टचे साडेएकाहत्तर. शर्यत पूर्ण झाली असती आणि तो सेनाच्या मागे दुसरा आला असता तरी पूर्ण सहा गुण मिळाले असते. गणिताच्या मास्तरांनी वर्गात सांगावे असे उदाहरण आहे.

तिसरा आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. ते सुधारले नाहीत का? सुधारले. २०२२ पासून नियम केला की सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण नाहीत. चांगले केले. २०२३ च्या मे महिन्यात इटलीत इमोलाच्या परिसरात पूर आला, तेव्हा चार दिवस आधीच शर्यत रद्द केली, कारण पोलीस आणि बचावाची माणसे पूरग्रस्तांसाठी हवी होती. आपल्याकडे चेन्नईत डिसेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरची शर्यत होणार होती. मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्यात गेले आणि शर्यत पुढे ढकलली. ती २०२४ मध्ये ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला झाली, तेव्हाही पहिल्या दिवशी पावसाने वेळापत्रक विस्कटले, पण शर्यती झाल्या. म्हणजे 'नाही' म्हणता येते, 'नंतर' म्हणता येते. पण इथे एक पाहा. नियम बदलला तो गुणांचा. चालकाला फुकटचे गुण मिळू नयेत याची सोय झाली. चिखलात उभ्या असलेल्याचे काय, हे त्या नियमाच्या बाहेरच राहिले.

मोटारींच्या खेळातला प्रामाणिकपणा मी एकदा डोळ्यांनी पाहिला आहे. तो युरोपात नाही, सोलापुरात, सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संक्रांतीच्या सुमारास वीस-बावीस पोरांना घेऊन पॅसेंजरने गेलो होतो. पोरांना पाळण्यापेक्षा ओढ 'मौत का कुआँ'ची. लाकडी फळ्यांची ती भली मोठी विहीर आणि तिच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल गरगर फिरवणारा माणूस. तिकिटे काढली, वर चढून कठड्याला टेकलो, आणि अवकाळी पाऊस आला. फार नाही, दहा मिनिटे. खालून तो चालवणारा आला, अंगात चामड्याचे जाकीट. त्याने फळीवर हात फिरवला, हात वर करून आम्हाला ओला तळवा दाखवला आणि हिंदीत म्हणाला, "लकडी गीली है. आज गाडी नहीं चलेगी. सब अपना पैसा ले लो."

बस्स, एवढेच. मालकाने खाली पेटी उघडली आणि पैसे परत दिले. आमच्यातल्या एका पोराने तिकीट कुठे पाडले होते, तो रडवेला झाला. मालकाने त्याच्याकडे पाहिले आणि त्यालाही दिले. त्या माणसाचा त्या दिवसाचा धंदा बुडाला होता. तो तिथल्या तिथे दोन संथ फेऱ्या मारून "झाला खेळ" म्हणू शकला असता. आम्ही काय करणार होतो? पण त्याने ओला तळवा दाखवला. पोरे हिरमुसली, पण गाडीत परत येताना एकानेही 'फसवले' असे म्हटले नाही. उलट परीक्षेतल्या निबंधात एकाने त्या जाकीटवाल्यावरच लिहिले.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. पाऊस खेळण्याजोगा असेल तर खेळा, त्यात खेळाची खरी चव आहे, आणि उगाच घाबरून ऐंशी-ऐंशी मिनिटे बसून राहू नका. पाऊस जिवावर बेतणारा असेल तर थांबवा, कोणी बोलले तरी. आणि थांबवलेत तर थांबवले असे लिहा. चषक वाटू नका, हजेरी लावू नका, आणि ज्याने पैसे भरून चिखलात पाय रोवले त्याला त्याचे पैसे द्या. यातले काहीही पावसाच्या हातात नाही, सगळे माणसाच्या हातात आहे.

आमच्या भागाला पावसाचे फार कौतुक. १९७२ च्या दुष्काळात मी तरुण होतो, रोजगार हमीसारख्या कामांवर खडी फोडणारी शिकली-सवरलेली माणसे पाहिली आहेत. आणि २०२० च्या ऑक्टोबरात बोरी नदीचा पूरही पाहिला, अक्कलकोट तालुक्यात उभी पिके वाहून गेली. पण ओढ्याच्या पोटात भिंती बांधायच्या आणि पाणी घरात शिरले की पावसाला शिव्या द्यायच्या, हे मला कधी पटले नाही. पाऊस येतो, तो त्याचे काम करतो. आपण आपले काम केले का, एवढाच प्रश्न असतो.

ती मुलगी आता पन्नाशीची असेल. लग्न होऊन अफझलपूरकडे गेली असे ऐकले होते. भेटली तर सांगायचे आहे की त्या दिवशी शाळा झाली नव्हती.

असो. पुतण्याने आणि मेव्हण्यांनी राग मानू नये, आणि मानला तर इथेच खाली लिहावे, ग्रुपवर नको. तिथे वाचता वाचता वर सरकते आणि माझ्या डोळ्याला ते झेपत नाही.